सोलापूरचं माळरान पहिल्यांदा बघायला निघताना

बदलीवर किंवा शिकायला सोलापुरात आलेली मंडळी महिन्याभरात विचारतातच, "इथं जवळपास जंगल कुठंय?" आणि आपलीच माणसं त्यांना सांगून टाकतात, "इथं कसलं जंगल, नुसता माळ!" मला हे उत्तर पटत नाही. तो माळ म्हणजेच इथलं जंगल. वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, खाली काळा पाषाण, त्यावर वीतभर मुरूम. अशा जमिनीवर निसर्ग गवतच उगवतो, आणि त्या गवतावर काळवीट, लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोल, भोवत्या असं सगळं बिऱ्हाड जगतं. मात्र महाबळेश्वरची सावली आणि कोयनेचे ओढे डोक्यात घेऊन इथं गेलात, तर अर्ध्या तासात गाडीकडे परताल. माळ बघायला थोडी तयारी लागते. ती कशी करायची, ते इथं क्रमानं सांगतो.

१. आधी शहरातलं रान

पहिल्याच रविवारी बार्शी रस्त्यावरचं नान्नजचं अभयारण्य गाठू नका. विजापूर रोडला सिद्धेश्वर वनविहार आहे, तिथं दोन-तीन सकाळी घालवा. पहाटे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, पण मोरांना त्या गर्दीची सवय आहे. इथं प्राणी शोधायला जायचं नाही, डोळा आणि कान तयार करायला जायचं. एका जागी दहा मिनिटं गप्प उभं राहायचं, मोबाइल खिशात ठेवायचा. आधी काहीच दिसत नाही. मग बुलबुल दिसतो, कोतवाल दिसतो, तारेवरून झेप घेऊन माशी टिपून पुन्हा त्याच जागी बसणारा वेडा राघू दिसतो. सातभाईंचा थवा एकाएकी एका झुडपाभोवती कलकलाट करायला लागला, तर समजायचं की खाली साप, मुंगूस नाहीतर मांजर आहे. रान वाचायचा हा पहिला धडा शहरात फुकट मिळतो.

दुर्बीण नवीन असेल तर दुसरा सराव हिप्परग्याला करा. तुळजापूर रस्त्यावर, शहरापासून जवळच, १८७१ साली पुरा झालेला एकरुख तलाव आहे. आपण सगळे त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. थंडीत इथं बदकं उतरतात, आणि नशीब असेल तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंबही. पाण्यावरचा पक्षी बराच वेळ एका ठिकाणी असतो, म्हणून दुर्बीण डोळ्याला लावणं, फोकस फिरवणं, हात स्थिर ठेवणं हे तिथं जमतं. माळावर पळत्या धाविकावर दुर्बीण लावायला शिकू म्हणाल, तर फक्त गवतच दिसेल.

२. केव्हा जायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी हा नवख्या माणसाचा हंगाम. गवत पिवळं पडलेलं असतं, हवा स्वच्छ असते, मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी माळावर असतात आणि सकाळी दहापर्यंत ऊन सोसवतं. या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधी पंधरा-वीस मिनिटं माळाच्या तोंडाशी पोचलं पाहिजे. "आठला निघू, नाश्ता करून जाऊ" असा बेत असेल तर त्या दिवशी अक्कलकोटला जाऊन या, तेही छान आहे. नऊनंतर माळावरची हवा थरथरायला लागते, दुर्बिणीत सगळं पाण्याखालचं दिसतं आणि जनावरं बसून घेतात.

ऑगस्ट-सप्टेंबरचा माळ हिरवागार आणि फार देखणा असतो. पण तो जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे, गवतात एक पाऊल चुकीचं पडलं तरी अंडी जातात. या काळात फक्त वाटेवरून बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळं पिकतात, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. मार्च ते मे म्हणजे पाणवठ्यांचा हंगाम. पारा बेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत जातो, सगळा माळ पाण्याच्या दोन-चार जागांकडे गोळा होतो आणि बघायला खूप मिळतं. पण ऊन सोसायची सवय असल्याशिवाय त्या दिवसांत जाऊ नये. लहान मुलांना तर नेऊच नये.

३. अंगावर काय, पिशवीत काय

कपडे मळखाऊ. गवताचा, मातीचा, वाळल्या पाचोळ्याचा रंग चालतो. पांढरा शर्ट माळावर दोन किलोमीटरवरून दिसतो, कारण आडोसा नसतोच. पूर्ण पँट, पूर्ण बाही, कानावरून घेता येईल असं उपरणं किंवा टोपी. डिसेंबरात पहाटे माळावर वारा सुटलेला असतो, शहरात लागत नाही एवढी थंडी तिथं लागते. स्वेटरवर गुळगुळीत कापडाचं जाकीट घाला. नुसत्या लोकरीच्या स्वेटरवर कुसळं अशी बसतात की तो स्वेटर पुन्हा घालवत नाही.

आता कुसळ. एकदा तळहातावर घेऊन नीट बघा. टोकाला सुईसारखं तीक्ष्ण बी, त्या टोकाजवळ मागच्या बाजूला वळलेली बारीक लव, आणि मागे बोटभर लांब काळपट शेपूट. ते शेपूट वाळलं की पीळ घेतं. तळहातावर पाण्याचा एक थेंब टाका, पीळ हळूहळू उलगडताना आणि बी गोल फिरताना डोळ्यांनी दिसेल. पहिला पाऊस पडला की हे बी असंच फिरत फिरत मुरमात शिरतं आणि मागे वळलेल्या लवेमुळे परत बाहेर येत नाही. तुमच्या मोज्यात घुसतं तेव्हाही तेच करतं. म्हणून मोजे पातळ आणि विणीला घट्ट असावेत, पँटचं टोक मोज्यावरून खाली, बूट घोट्याच्या वरपर्यंत. चपलेवर माळात जायचं नाही, कुसळासाठीही नाही आणि फुरशासारख्या विषारी सापासाठी तर नाहीच.

पिशवीत माणशी दोन लिटर पाणी, आठपट मोठं दाखवणारी ८×४२ ची साधी दुर्बीण, वही-पेन्सिल, एक लहान चिमटा, ओआरएसची पुडी. खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. सांडत नाही, नासत नाही, कागद वाजत नाही. वेफर्सचं पाकीट फोडलं की अर्धा माळ मान वर करतो. कॅमेरा पहिल्या फेरीला घरी ठेवला तर जास्त दिसेल, असं माझं ठाम मत आहे. ड्रोन कुठल्याच फेरीला नाही.

४. नान्नजला पोचणं आणि आत जाणं

बार्शी रस्त्यानं साधारण बावीस किलोमीटरवर नान्नज. वाटेत द्राक्षबागा लागतात. 'सोनाका' ही बिनबियांची लांबट द्राक्षाची जात याच नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी पुढे आणली, हे माहीत असलं की त्या बागांकडे बघायची नजर बदलते. एसटीनं जायचं तर बार्शीकडे जाणाऱ्या गाड्या नान्नजवरून जातात, पण सूर्य उगवायच्या आत पोचायचं तर स्वतःचं वाहन बरं. दोन दुचाकींवर चौघं, हा उत्तम आकडा. दहाजणांची गाडी करून गेलात तर आपापसातल्या गप्पाच ऐकाल.

हे माळढोक पक्षी अभयारण्य आहे, १९७९ साली घोषित झालेलं. वन्यजीव विभागाकडे त्याची जबाबदारी आहे. गेटवर नाव नोंदवायचं, शुल्क भरायचं, पावती खिशात ठेवायची. आत जायच्या वेळा, वाहन किती आतपर्यंत न्यायचं, कुठला भाग बंद आहे हे हंगामाप्रमाणे ठरतं, म्हणून आदल्या दिवशी वनविभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कुंपण मोडकं दिसलं, पायवाट आत जाताना दिसली, म्हणून आत जायचं नसतं.

स्थानिक वाटाड्या मिळत असेल तर घ्याच. त्याचे पैसे वाचवून काही हाती लागत नाही. काळविटांचा कळप काल संध्याकाळी कुठल्या बाजूला बसला होता, हे गावातल्या माणसाला माहीत असतं, आपल्याला नाही. वनरक्षकाशीही दोन शब्द नीट बोला. उन्हातान्हात पाणवठे भरणारा, रात्री वणव्यामागे धावणारा तोच असतो.

लक्षात ठेवा की सगळा माळ सलग नाही. गवताचे तुकडे आहेत आणि मध्ये शेतं, वस्त्या, रस्ते. मार्डी, अकोलेकाटी, कारंबा, वडाळा ही सगळी गावं या माळांच्या आजूबाजूची. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना तुम्ही कुणाच्या तरी ज्वारीच्या कडेनं जाता. बांधावरून चाला, पिकातून नाही.

५. माळावर बघायचं कसं

सुरुवात खाली बघून करा. पहाटे गाडीवाटेच्या धुळीत रात्रीचा सगळा हिशेब लिहिलेला असतो. काळविटाचे खूर दोन टोकदार पाकळ्यांसारखे, जोडीनं उमटलेले. खोकडाचा पंजा लहान, एका ओळीत पडत गेलेला. कुत्र्यासारखाच पण मोठा आणि लांबट, वाट सोडून न भटकता सरळ गेलेला पंजा दिसला, तर तो लांडगा असू शकतो. आता उजेड तिरपा असतानाच हे दिसतं, सूर्य वर आला की ठसे पुसट होतात. पांढरी खडूसारखी विष्ठा दिसली तर ती तरसाची. हाडं चावून खातो, त्यातला चुना तसाच बाहेर पडतो. वाटेच्या कडेला काळ्या लेंड्यांचा मोठा ढीग दिसेल. तो एकट्या नराचा आहे. आपल्या हद्दीच्या खुणा म्हणून काळवीट रोज त्याच जागी येतो. त्या ढिगावर पाय देऊ नका. थोडं लांब बसून वाट बघितली तर मालक स्वतः येण्याचा बराच संभव असतो.

आणि तो आला की उठायचं नाही. नर पाठीवर गडद, जवळजवळ काळा, पोटाला आणि डोळ्याभोवती पांढरा, शिंगं पिळाची. माद्या फिकट तांबूस, बिनशिंगाच्या. नर मान मागं टाकून, शिंगं पाठीवर टेकवून, डोळ्याखालची ग्रंथी उघडून पुढे पुढे चालायला लागला की समजा तो माद्यांपुढे मिरवतोय, किंवा शेजारच्या नराला बजावतोय. हे पाच-दहा मिनिटं चालतं. धांदल केली नाही तर सगळं बघायला मिळतं. कळपातल्या एकीनं मान वर करून तुमच्याकडे बघितलं, दुसरीनं बघितलं, तिसरी उभ्या जागी उडी मारून हवेत उसळली, की तुम्ही फार जवळ आलात. तिथंच थांबा. थांबलात तर त्या पुन्हा चरायला लागतील. पुढे गेलात तर सगळा कळप पळेल, आणि उन्हाळ्यात एका धावण्यात जनावराचं किती पाणी जातं याचा विचार करा.

काळवीट शिंगं गाळत नाही. तेव्हा माळात शिंग पडलेलं दिसलं तर ते मेलेल्या जनावराचं आहे. उचलून घरी आणायचं नाही, जागा लक्षात ठेवून वनरक्षकाला सांगायचं.

पक्ष्यांसाठी नवख्यांना मी नेहमी तीन गोष्टी सांगतो. पहिली, उघड्या मुरमावर लक्ष ठेवा. तिथं वाळक्या मातीच्या रंगाचा एक पक्षी तुरुतुरु धावतो, एकदम थांबून ताठ उभा राहतो, पुन्हा धावतो. तो धाविक. थांबला की मातीत विरघळून जातो, धावला की दिसतो. दुसरी, वर आवाज आला तर वर बघा. डोंबारी नावाचा चिमणीएवढा चंडोल सरळ वर चढतो, मग पंख मिटून दगड पडावा तसा खाली येतो, जमिनीला टेकायच्या आत सावरून पुन्हा वर. मुरारी चंडोल बाभळीच्या शेंड्यावर बसून दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढतो, त्यामुळे टिटवी ऐकली म्हणून टिटवीच असेल असं नाही. तिसरी, सूर्य उगवून तास-दोन तास झाले की पाण्याजवळ बसा. पखुर्ड्या तेव्हा थव्यानं पाण्यावर उतरतात. विणीच्या दिवसांत नर पाण्यात पोट बुडवून थोडा वेळ बसतो. त्याच्या पोटावरची पिसं पाणी धरून ठेवतात, आणि तो ते पाणी उडत जाऊन पिलांना देतो. पिलं त्याच्या पोटाखाली शिरून ओली पिसं चोखतात. हे वाचलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. पाण्यात बसलेला नर दुर्बिणीतून बघितल्यावर वाटलं.

बोरीच्या काट्यावर टोचून ठेवलेला नाकतोडा किंवा सरड्याचं पिलू दिसलं तर घाबरू नका. खाटीक पक्ष्याची ती शिदोरी आहे.

संध्याकाळची फेरी भोवत्यांसाठी. हे शिकारी पक्षी दिवसभर गवतावरून हातभर उंचीनं तरंगत नाकतोडे, उंदीर शोधतात आणि मावळतीला एकेक करत उंच गवतात जमिनीवर झोपायला उतरतात. मावळतीच्या आधी तासभर वाऱ्याकडे पाठ करून बसायचं आणि हलायचं नाही. अंधार पडायच्या आत बाहेर पडायला लागतं, तेव्हा गेटची वेळ आधी बघून ठेवा.

६. माळढोकाबद्दल स्पष्टच

माळढोक दिसेल या आशेनं नान्नजला जाऊ नका. मीटरभर उंचीचा, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी आज सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरला आहे, बहुतेक राजस्थानात. नान्नजला अलीकडच्या वर्षांत एखादा-दुसरा दिसला तरी ती बातमी होते. एकेकाळी त्याच्यासाठी देशभरातून पक्षीतज्ज्ञ इथं येत. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या डॉ. असद रहमानी यांनी याच माळांवर त्याचा अभ्यास केला.

मग गेला कुठं? मादी विणीच्या हंगामात जमिनीवर एकच अंडं घालते. ते कुत्र्यानं, जनावरांच्या पायानं, माणसानं गेलं की ते वर्ष गेलं. उडताना त्याला समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांना धडकून मरतो. पाणी आलं तशी माळाच्या कडेची ज्वारी-बाजरी जाऊन ऊस आला, आणि उसात माळढोक राहू शकत नाही. एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. माळ रिकामा दिसतो म्हणून त्यावर गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली. झाडं लावणं हे पुण्याचं काम, असं आपल्याला शाळेपासून शिकवलंय. पण ज्या पक्ष्याला चारी बाजूंनी लांबवर मोकळं दिसायला हवं असतं, त्याच्यासाठी झाडांची दाट रांग म्हणजे घर गेल्यासारखंच. तेव्हा कुणी मित्रमंडळ उत्साहानं "नान्नजच्या माळावर वृक्षारोपण करू" म्हणालं, तर त्यांना थांबवा. शहरात, शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला झाडं लावायला भरपूर जागा आहे.

७. माळावरची माणसं

गावकऱ्यांशी बोलताना एक इतिहास माहीत असावा. सुरुवातीला या अभयारण्याची हद्द सोलापूर-अहमदनगर मिळून जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटर होती. गावंच्या गावं आणि शेतं त्यात होती, जमिनीच्या व्यवहारांना अडचणी आल्या, लोक वर्षानुवर्षं त्रासले. पुढे ती १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. म्हणून कुणी शेतकरी "तुमच्या त्या पाखराच्या पायी" असं तिखट बोलला, तर ऐकून घ्या. काळवीट हुरड्यात आलेली ज्वारी खातात, तेही खरं आहे. पीक गेलं किंवा लांडग्यानं मेंढरू मारलं तर वनविभागाकडून भरपाई मिळते, पण पंचनाम्याच्या फेऱ्या त्यालाच माराव्या लागतात.

धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, दिसला तर गाडी लांब उभी करा आणि धनगराला त्याच्या कुत्र्यांना हाक मारू द्या. "राम राम मामा, लांडगं दिसतंय का हितं?" एवढं विचारलं की माणूस बोलायला लागतो. "परवा रातच्याला आल्तं की. त्या नालाबांधाकडनं." त्याचं त्या लांडग्याशी वैर असतं, पण ओळखही असते. कुठल्या बाजूनं येतो, जोडी आहे की एकटा, पायानं लंगडतोय का, हे तो कळपाच्या काळजीनं लक्षात ठेवतो. हे ऐका, पण ऐकून लांडग्याचं बीळ शोधायला निघू नका. पिलं असलेल्या बिळाजवळ माणसाचा वावर झाला की मादी पिलं हलवते, आणि हलवताना ती जातात. कुणी बिळाचा फोटो दाखवला तर जागा विचारू नका, समजली तर पुढे सांगू नका.

जानेवारीत फेरी लवकर आटपून वाटेतल्या एखाद्या वस्तीवर हुरड्याला थांबा. पैसे देऊन खा.

८. करू नये ते

कुत्रा सोबत नेऊ नये. पाळीव कुत्र्यांचे रोग लांडग्या-खोकडांना होतात, आणि मोकळं सुटलेलं कुत्रं घरट्यांचा नाश करतं. आवाजाची ध्वनिफीत लावून पक्षी बोलावू नये. जनावराला गाडीनं हाकू नये. बाकीचं साध्या शिष्टाचारात येतं.

आगीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. नोव्हेंबरपासून पहिल्या पावसापर्यंत हा सगळा माळ वाळलेलं इंधन असतो. विडीचं थोटूक, चुलीतला निखारा, आणि वारा पश्चिमेचा. आग माणसाच्या पळण्याहून वेगानं जाते. वनविभाग गवतात पट्टे साफ करून जाळरेषा आखतो, त्या आग अडवण्यासाठी असतात, चूल मांडायला नाही. माळावर काडी ओढायचीच नाही. चहा थर्मासमधून न्या. धूर दिसला तर स्वतः विझवायला न धावता वाऱ्याच्या आडव्या दिशेनं बाहेर पडा आणि १९२६ वर फोन करा. वनविभागाची ती विनाशुल्क हेल्पलाइन आहे. जखमी जनावर, फासे, शिकारीचा संशय, सगळ्यासाठी तोच नंबर.

९. अडचण आली तर

साप: मुरमाड माळावर फुरसं, गवतात घोणस, शेताकडेला नाग, वस्तीजवळ मण्यार. पाय ठेवण्याआधी बघणं, दगड न उलटणं आणि दगडावर न बघता न बसणं, यात निम्मा धोका टळतो. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं करकचून बांधायचं नाही. त्या माणसाला चालू न देता, हातपाय हलवू न देता गाडीत घाला, अंगठी-पैंजण काढा, १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. सोलापूरचं सिव्हिल इथून फार लांब नाही. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास जीव घेतो. सापाला मारून सोबत आणायची गरज नसते.

वीज: याचा विचार नवखे करत नाहीत, आणि माळावर सर्वांत मोठा धोका हाच आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग चढतात, आणि सपाट माळावर सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता. एकट्या बाभळीखाली उभं राहू नका. पहिला गडगडाट ऐकला की चारचाकीत जा, काचा बंद करा. चारचाकी नसेल किंवा लांब असेल तर उंचवट्यावरून उतरून सखल भागात पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका, आणि एकमेकांपासून अंतर ठेवा.

लांडगा समोर आला तर उभे राहा. तो तुमच्याआधी निघून जातो. ऊन लागल्याची लक्षणं, म्हणजे डोकं दुखणं, मळमळणं, घाम थांबणं, दिसली की फेरी तिथंच संपवा.

१०. सवय लागल्यावर

वही ठेवा. तारीख, वेळ, वारा, गवत किती उंच होतं, काय दिसलं, किती दिसले. नावं येत नसतील तर रंग, आकार आणि काय करत होता ते लिहा, नाव नंतर सापडतं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकलीत तर ती अभ्यासकांच्याही उपयोगी पडते, फक्त घरट्याची किंवा दुर्मिळ पक्ष्याची नेमकी जागा उघड करू नका.

एक पूर्ण वर्ष, प्रत्येक ऋतूत निदान एकदा, त्याच माळावर जा. मग दुसरीकडे. फेब्रुवारी-मार्चमध्ये उजनी धरणाच्या फुगवट्यावर करमाळ्याच्या बाजूला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात, त्यांना नावेतून लांबून बघा, नावाड्याला थवा उठवायला लावू नका. झाडोऱ्याचं रान हवं असेल तर धाराशिवच्या पुढे येडशी-रामलिंग. अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं, घाटातलं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात वाघ आला, यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला. पुढे तो बार्शी तालुक्यातही फिरला. तेव्हा त्या बाजूला जाण्याआधी वनविभागाला विचारल्याशिवाय पायी भटकू नका, आणि पहाटे-संध्याकाळी तर नाहीच.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणिगणना असते. वनविभाग त्यासाठी स्वयंसेवकांची नावं आधी मागवतो, जागा थोड्या असतात. ज्यांनी वर्षभर माळ पायाखाली घातलाय, जे रात्रभर न बोलता, न झोपता, टॉर्च न लावता बसू शकतात, त्यांनी नाव द्यावं. मे महिना असला तरी पहाटे तीननंतर मचाणावर गार वारा लागतो. तेव्हा ते जाकीट उन्हाळ्यातही कपाटातून काढून ठेवा.